मावशीनं न दिलेलं उत्तर

५ ऑगस्ट

चि. धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि त्यांच्यासोबत एक भांडण. फोनवर तू हं हं करून सटकतेस, म्हणून लेखी विचारते.

रविवारी जेवायला आलीस, बरं वाटलं. तुझे भावजी अजून तुझ्या नकला आठवून हसताहेत. पण माझ्या बबडीशी तुझं काय बिनसलंय? एरवी दारातूनच तिची वेणी ओढतेस. परवा पोर समोर येऊन उभी राहिली, तरी तू भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलीस. तिनं हाक मारली, तेव्हा कुठे तुला कंठ फुटला.

मी दोन दिवस विचार केला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तूच मागे सांगितलं होतंस, की तुमच्या तरुण मुलांच्या दवाखान्यात येणारं कुणी बाहेर भेटलं, तर तुम्ही नर्सबायका आपणहून ओळख दाखवत नाही; त्यांनी दाखवली तरच बोलता. बबडीचं कॉलेज तुझ्याच गावात. सतरा वर्षांची मुलगी, नुसती वाळत चाललीय, काही विचारावं तर अंगावर येते. ती तुमच्याकडे येते ना? कशासाठी? माझ्या जिवाला घोर लागलाय. तुला माझ्या गळ्याची शपथ, खरं काय ते लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार, तोही लांबूनच, कारण हे पत्र वाचून तू हातात मिळेल ते घेऊन धावशील.

आमच्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. तुझ्या शपथेलाही नाही. बबडीनं आमचं दार कधी पाहिलंही नसतं, तरी मी हेच पत्र लिहिलं असतं. कुणाच्या जिवावर बेतलं, तर मात्र आम्ही घरच्यांना कळवतोच, तेही त्या मुलाला आधी सांगून. तेवढ्यापुरती निर्धास्त राहा. एरवी मुलं येतात ती याच भरवशावर. तो मी बहिणीसाठी मोडला, तर उद्या दुसरी कुणी शेजारणीसाठी मोडेल, आणि आमच्या बाकांवर चिटपाखरू दिसणार नाही.

कॅलेंडरचं म्हणशील, तर त्यावरचं चित्र छान होतं.

मावशी म्हणून एवढंच सांगते, की पोलिसासारखी तिच्यामागे उभी राहू नकोस. माझ्याशी अबोला धरायचा असेल तर धर, पण फार लांबवू नकोस, मला सोसणार नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
धाकटी

१७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

नमस्कार आणि एक घट्ट मिठी.

तुझं पत्र आईनं माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाली, की बघ तुझी मावशी किती हट्टी आहे ते. मी वाचलं आणि मला तिथेच रडू कोसळलं. तू मला पहिल्यांदा दवाखान्यात पाहिलंस, तेव्हा माझं धाबं दणाणलं होतं. तू लगेच मला डॉक्टरीणबाईंकडे सोपवलंस, माझ्या केसपेपरला हातही लावणार नाही म्हणालीस, आईला काही कळणार नाही म्हणालीस. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. दर गुरुवारी तिथून घरी आले की आधी आईचा चेहरा बघायचे, कळलंय का म्हणून. कधीच कळलेलं नसायचं.

आणि इथे तर ती शपथ घालून विचारतेय, तरी तू गप्प! मग मीच बोलले. आई मटार सोलत होती. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं, की गेल्या वर्षापासून मी खाल्लेलं मुद्दाम ओकून काढते, आणि बाईंकडे जायला लागल्यापासून ते कमी होत चाललंय. आई खूप रडली. शेंगा तशाच राहिल्या. तुझ्या वाट्याची बोलणी तुला मिळतीलच.

मावशी, तुझे आभार कसे मानू तेच कळत नाही. कितीतरी दिवसांनी मला मोकळं वाटतंय.

तुझी लाडकी (अजून आहे ना?),
बबडी

२९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आशीर्वाद, या खेपेला भांडणाशिवाय.

आधी तुझा भयंकर संताप आला होता, ते लपवत नाही. माझ्या पोटची पोर, आणि तिचं दुखणं परक्या बाईंना ठाऊक, मला नाही! मला का नाही सांगितलंस, असं तिला विचारलं. तर म्हणाली, की तू रडली असतीस आणि मलाच तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं. नेमकं तेच तर झालं होतं.

मागच्या गुरुवारी तिच्याबरोबर दवाखान्यात आले. तू मुद्दाम रजा घेतली होतीस, ते कळलं मला. आईला आत घ्यायचं का, हे डॉक्टरीणबाईंनी मला नाही, तिला विचारलं. ती आज नको म्हणाली. मी बाहेर बाकावर पंख्याची घरघर ऐकत बसले. फार झोंबलं गं. पण मग मनात आलं, की तू माझ्यासाठी तोंड उघडलं असतंस, तर ही पोर या दारात पुन्हा फिरकली नसती आणि माझ्याशीही बोलली नसती. माझ्या शपथेला बधली नाहीस, हे तुझे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत. लिहितानाही डोळे भरून येताहेत, अक्षर वाकडं झालं तर समजून घे.

काल पुन्हा गेलो. थोड्या वेळानं दार उघडून तिनंच मला आत बोलावलं. आम्ही तिघी बराच वेळ बोललो. तुझे भावजी तेव्हापासून खनपटीला बसलेत, आत काय झालं म्हणून. तूही विचारशीलच. पण बबडीला विचारल्याशिवाय मी ते कुणालाही सांगणार नाही, तुलासुद्धा नाही.

आहेस तशीच राहा, आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच असू दे.

तुझी,
ताई