गुळगुळीत बाजू

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सभागृहाच्या भिंतीसाठी आलेले अक्रोडाच्या व्हिनियरचे पातळ लाकडी पापुद्रे बाबांनी शनिवारी जुळवले.
२. एकाच ओंडक्याचे पापुद्रे पुस्तक उघडावं तसे, एक सुलटा एक उलटा, लावतात. तरच रेषा समोरासमोर येतात. बाबांनी सगळे सुलटेच मांडले.
३. डिंक लागण्याआधी मी, न विचारता, एकाआड एक पापुद्रा उलटला.
४. आज सकाळी बाबांनी त्यावरून हात फिरवला आणि सगळ्या कारागिरांसमोर विचारलं, माझ्या कामाला हात कोणी लावला?

मीच, म्हणून सांगितलं. चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवू नकोस, म्हणाले. माझ्या हातातला चाकू काढून घेतला. उरलेले पापुद्रे १७ तारखेला, सोमवारी, ते स्वतः कापणार आहेत. त्या ओंडक्याचे आणखी मिळणार नाहीत.

त्यांचा जोड चुकलेला मी कधी पाहिला नव्हता. तुला काही माहीत आहे का?

राग नसावा, लोभ असू दे.

तुझी,
धाकटी

---

७ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

भांडणालाही क्रमांक घालणारी तूच! आधी हसलो. मग चौथा मुद्दा पुन्हा वाचला आणि हसू विरलं.

गेल्या वर्षी बाबा माझ्याकडे आले ते हवापालटाला नव्हे. त्यांची मधली नजर जात चालली आहे; कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसट होतं. डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. एक घेतलं, पुढची टाळली. आता ते बोटांनी बघतात. पापुद्र्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरी किंचित खरबरीत. चाचपून गुळगुळीत तेवढी वर ठेवली असणार.

तुला कळलं तर तू चाकू काढून घेशील, ही त्यांची धास्ती. म्हणून मला शपथ घातली. एवढं काम पार पडू दे, मग बघू. तोवर तोंडाला कुलूप लाव, माझी आई!

आईला नमस्कार. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझा,
दादा

---

१० मार्च

ती. दादास,
सा. न.

एवढं काम पार पडू दे, असं तू लिहितोस. नजर कामासाठी थांबत नाही.

काल बाबा टाकाऊ तुकड्यावर हात बसवत होते. चाकू पट्टीवरून घसरला आणि अंगठ्यात गेला. पापुद्राच तडकला, असं त्यांनी कारागिरांना सांगितलं. मग फडक्याने रक्त पुसलं. डाग तसाच राहिला. त्यांनी पुसली ती शेजारची जागा. काय बघतेस, म्हणाले. काही नाही, म्हटलं.

मी बोलले तर तो माझा आगाऊपणा ठरेल. तुझं ते ऐकतील. शपथ मोडल्याचं तूच त्यांना तोंडावर सांग. चाकू मला नको आहे, हेही सांग. जुळवणी दोघं मिळून करू. मी बघेन, ते चाचपतील. पण इंजेक्शन आधी.

रविवारी ये. सोमवारी त्यांना कापायला बसू न देता डॉक्टरांकडे न्यायचं आहे. तू नसलास तरी मी नेणार, आणि मला कोणी सांगितलं ते लपवणार नाही.

येतोस की नाही, ते शनिवारपर्यंत कळव.

तुझी,
धाकटी