गप्प बसण्याची परीक्षा

१४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तुमचंही तसंच असेल. विनंती विशेष अशी की हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. हातातलं काम ठेव आणि नीट बस.

मी पास झालो. पुढच्या आठवड्यापासून केंद्रातली कोपऱ्यातली खोली माझी. दोन खुर्च्या, एक टेबल आणि नीट न लागणारी खिडकी. तिथे लोक आपापलं दुःख घेऊन येणार आणि मी एकटा त्यांच्यासमोर बसणार, नंतर कोणी ते ऐकून तपासणारं नसणार. पंधरा वर्षं पंखे आणि मिक्सर विकलेला माणूस समुपदेशक होणार म्हटल्यावर तूच म्हणाली होतीस, "अरे, तिथे ऐकायचं असतं. तुझ्या जिभेला हाड आहे का?" तर ताई, आहे. उशिरा सापडलं, पण आहे.

सुरुवातीला फजितीच झाली. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, म्हणजे त्याला कळतं की आपलं कोणी ऐकतंय, असं शिकवतात. मी घरी तुझ्या भावजयीवर सराव सुरू केला. ती म्हणाली, दूध उतू गेलं. मी म्हणालो, "म्हणजे दूध उतू गेलं असं तुला वाटतंय." ती म्हणाली, "वाटत नाही, गेलंय. ओटा पूस." त्या दिवसापासून घरातला सराव बंद.

खरी गाडी अडली ती केंद्रात. माझ्याकडे एक बाई यायच्या. कोण, कुठल्या, त्यांचं काय, ते तुला सांगणार नाही. खोदून विचारलंस तरी नाही, आमचा तो नियमच आहे. माझं काय झालं तेवढं सांगतो. आमचं बोलणं त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित होतं आणि नंतर आमच्या मार्गदर्शक बाई ते ऐकतात. पहिली भेट झाल्यावर मी भाव खातच त्यांच्यासमोर बसलो होतो, कारण रडवेल्या माणसाला मी चांगलं खळखळून हसवलं होतं. मार्गदर्शक बाईंनी एका जागी ध्वनिमुद्रण थांबवलं. मागे नेऊन पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "इथे त्या काहीतरी सांगायच्या बेतात होत्या. तुम्ही त्यांना हसवलंत आणि ते तिथेच राहिलं."

तसं एकदाच झालं नव्हतं. समोरचा माणूस जरा गप्प झाला, की माझा विनोद हजर. बाईंनी स्पष्टच सांगितलं, की आणखी एक भेट ऐकेन, तीही अशीच निघाली तर तुम्हाला पास करता येणार नाही. राग आला मला. घरी येऊन तुझ्या भावजयीला म्हणालो, लोकांना हसवणं हा काय गुन्हा आहे? तिने फडकं माझ्या हातात दिलं. ओट्याची आठवण असावी.

पुढच्या भेटीला माझ्याकडे येणाऱ्या त्या बाई आल्या, बसल्या, आणि बोलता बोलता त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला भावंडं किती?"

काय सोपा प्रश्न. आपल्या घरचं उत्तर ठरलेलं आहे, तूही तेच देतेस. मी तोंड उघडलं आणि ते उत्तर बाहेरच पडेना. एक विनोद जिभेवर येऊन बसला होता, तो गिळला. खोलीत सगळं शांत झालं. मी खुर्चीतून हललो नाही आणि त्यांच्यावरची नजरही काढली नाही. बऱ्याच वेळाने त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या ते त्यांचं आहे. जाताना म्हणाल्या, "आज तुम्ही मध्ये बोलला नाहीत. बरं झालं."

मार्गदर्शक बाईंनी ते सगळं ऐकलं आणि विचारलं, त्या प्रश्नाला तुम्ही गप्प का झालात? मी म्हणालो, "आम्ही दोघं म्हणून सांगतो. पण आम्ही तिघं होतो. मधला दादा लहानपणीच तापाने गेला." ताई, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो.

मग बाकीचंही सांगितलं. दादा गेल्यावर आपण जेवायला बसायचो, ते. आईचा घास अडायचा, बाबा भिंतीकडे बघत राहायचे, तू सगळ्यांना वाढायचीस आणि मी मास्तरांच्या नकला करायचो. एकदा आई हसली. तेव्हापासून ताट समोर आलं की तू मला डोळ्यांनी खुणावायचीस, कर म्हणून. मी करायचो. आई दोन घास जास्त जेवायची.

मी तक्रार करत नाहीये, असं मुळीच समजू नकोस. आपण दोन पोरांनी ते घर जेवतं ठेवलं. बाईंनाही मी हे ताठ मानेने सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार मोठं काम केलंत. पण त्या घरातले सगळे जेवून उठलेत आता." नंतर त्यांनी माझ्या पास झाल्याच्या कागदावर सही केली.

मला माझा अभिमान वाटतोय ताई, आणि तुझाही तितकाच. मला हसवायचं तरी काम होतं. तू रडताना मला कधी दिसलीच नाहीस, आणि तुला कोणी विचारलंही नाही.

रविवारी येतो. एकटाच. तुला दादाबद्दल काही बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको. मी तुला हसवणार नाही. शेजारी बसेन, तू म्हणशील तितका वेळ.

तुझ्या दोन भावांतला,
धाकटा