उजव्या खांद्यामागून

मुलुंड, रविवार

प्रिय मालन,

अक्षराला हसू नकोस. कोंबडीचे पाय आहेत, पण डाव्या हाताचे आहेत, आणि या एका पत्राला तीन दिवस लागलेत. फोन केला की तू बरी आहेस ना एवढं विचारून दुसऱ्याच मिनिटाला ठेवतेस, म्हणून म्हटलं, लिहावंच.

पक्षाघाताला सात महिने झाले. अपूर्वा नावाची फिजिओथेरपिस्ट पोरगी आठवड्यातून दोनदा येते. तिची रीत ऐक. आधी दुसऱ्या कुणाचा हात काम करताना नीट बघायचा, मग डोळे मिटून तेच आपल्या हाताने मनात करायचं, मग खरा हात हलवून पाहायचा. नुसतं बघण्यानेही मेंदूची तालीम होते म्हणे. दोन महिने मी मनात पाण्याचा पेला उचलला. शेवटी वैतागून म्हटलं, बाई गं, पेला पुरे, मला कॅरम दे.

मनात मी अजून झकास खेळते. ऑफिसच्या लंच टायमात तूच शिकवलंस तसं, तर्जनी नाही, मधलं बोट. राणी मीच घेते, कव्हरही मीच करते आणि समोर बसलेली तू नाक मुरडतेस. डोळे उघडले की उजवा हात मांडीवर तसाच, वाळत घातलेल्या मोज्यासारखा. चारला कामवाली गेली की दार लागतं ते सकाळपर्यंत. मला फार एकटं वाटतं गं. कृणालला सांगत नाही, पोरगा उगाच पुण्याहून धावत येईल.

त्याने फोनवर चॅम्पियन लोकांचे व्हिडिओ टाकून दिलेत. पण ते सगळे समोरून काढलेले. अपूर्वा म्हणते, आपलाच हात आपल्याला दिसतो, तसा खांद्यामागून दिसला तर जास्त बरं. शिवाय ती बोटं परकी. मंगळवारी तुझा स्ट्रायकर मारण्याचा ढंग आठवत बसले होते, तर माझं मधलं बोट खरंच हललं, गव्हाच्या दाण्याएवढं. अपूर्वाला दाखवायला गेले तर मेलं ढिम्म.

तू हॉस्पिटलात आलीस तेव्हा हा हात चादरीवर पडला होता. तू एकदाच बघितलंस आणि मग तासभर खिडकीकडे तोंड करून मोसंबी सोलत राहिलीस. नंतर बोरिवलीहून रिक्षा मिळेना, मग गुडघे दुखले, मग पाहुणे आले. मी रागावले होते, खोटं कशाला बोलू? पण परवा केस विंचरताना आरशात तो हात दिसला आणि मीच मान फिरवली. तेव्हा तुझ्यावरचा राग गेला.

म्हणून लिहितेय. एका दुपारी ये. कपाटामागचा बोर्ड काढून, पुसून ठेवलाय, बोरिक पावडरही आणलीय. तू एकटीनेच खेळायचं, दोन्ही बाजूंनी. मी नेहमीसारखी तुझ्या समोर बसणार नाही. तुझ्या मागे, उजव्या खांद्याशी बसेन. तिथून मला तुझा हात नीट दिसेल, आणि तुला माझा दिसणार नाही.

अजूनही तुझीच जोडीदार,
रत्नप्रभा