यकृत डावीकडे

दि. १४, गुरुवार

चि. धाकटीस,

आशीर्वाद. एरवी 'अनेक उत्तम' लिहिते; तूर्त नुसतेच घे.

पत्र मिळालं. तुझी तब्येत बरी आहे आणि नर्सिंग शाळेतला माझा वर्ग सोमवारपासून तुझ्याकडे आला, हे वाचून आनंद झाला असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आईचा डोळा सुधारतोय. मी दिवसभर घरी असल्यामुळे औषधाचे थेंब वेळेवर पडतात. नोकरी गेल्याचा एवढा तरी फायदा.

तू सांध्यांची वही मागितलीस, सोबत पाठवते. कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा. वर्गाचं दार उघडून-मिटून दाखव. खांदा उखळीचा; वाटीत चेंडू फिरव, मुलींना पटकन कळतं. मानेतल्या ज्या सांध्यावर डोकं नकारार्थी हलतं, तो खिळीचा. त्याला साहित्य लागत नाही. तुला तो छान जमतो, चौकशी समितीपुढे पाहिला मी. कवटीचे सांधे तान्हेपणी मऊ असतात, पुढे मिटतात, आणि मिटले की परत उघडत नाहीत.

पण सांध्यांआधी दिशा शिकव. पोटाकडची बाजू अग्र, पाठीकडची पश्च. आणि डावं-उजवं नेहमी समोरच्या देहाचं, बघणाऱ्याचं नाही. चिंध्यांच्या बाहुलीवर घोकून घेतलं होतं मी तुझ्याकडून. तरी तुझा घोळ काही मिटला नाही. तुझ्या परीक्षेला मी तुझ्या डाव्या तळव्यावर शाईचा ठिपका काढून दिला. नोकरीला लागलीस तरी रोज सकाळी शिक्षकखोलीत मुकाट्याने तळवा पुढे करायचीस. इतक्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

मुलींच्या परीक्षेच्या त्या सकाळी आईला दवाखान्यात सोडून मी धावत पोचले, तोवर पेपर सुरू झालेला. ठिपका काढायचा राहिला. उजेडपेटीवर पोटातल्या अवयवांची एक्स-रे फिल्म तू लावून मोकळी झाली होतीस, उलटी. चाळीस मुलींनी उजवीकडचं यकृत डावीकडे लिहिलं आणि बाहेरचे परीक्षक पोट धरून हसले.

समितीत प्राचार्यांनी विचारलं, फिल्म कुणी लावली. मी गप्प बसले. त्यांना ती कबुली वाटली असेल. मी तुझ्यासाठी थांबले होते गं. 'ताई, चुकलं माझं' एवढं म्हणाली असतीस, तर पुढचं सगळं मी निस्तरलं असतं, नेहमीसारखं.

तू टेबलाकडे बघत म्हणालीस, "माझ्या उजवीकडच्या बाईंनी."

प्राचार्यांनी आपल्या उजवीकडे पाहिलं. तिथे बिचारे हेडक्लार्क बसले होते. त्यांना घाम फुटला. मला हसू आवरेना. मग तूच शांतपणे दुरुस्ती केलीस, "तुमच्या नाही सर, माझ्या उजवीकडच्या."

जन्मात पहिल्यांदा तू डावं-उजवं चुकली नाहीस. तुझा तळवा टेबलावर उताणाच होता. मी नीट पाहिलं. ठिपका नव्हता.

वही मुलींसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. परत पाठवायची तसदी घेऊ नकोस, तूही येऊ नकोस. आई विचारते, तुला सुट्टी कधी मिळणार म्हणून. कामात आहे, असं सांगते. एवढं शेवटचं निस्तरते.

तुझ्या उजवीकडच्या बाई