निवाऱ्याची वास्तुशांत

मुलुंड, २१ जून १९५५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पंचांगाशी काम आहे, म्हणून आज पत्र गोड लिहिते आहे. ह्यांच्या मंडळाचा रात्रनिवारा एकदाचा उभा राहिला. स्टेशनापलीकडे एक लांबट खोली, वर पत्रे, खाली नवी फरशी. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी बांधला आणि झोपणारे अजून उघड्यावरच आहेत, कारण वास्तुशांत राहिली आहे. अध्यक्ष अनंतरावांचा हट्ट, की मुहूर्त वाईच्या मार्तंडशास्त्र्यांचाच, म्हणजे तुझाच हवा.

मला घाई आहे ती जानकीसाठी. ती आणि तिचा नवरा काशीराम आमच्या कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर निजतात. काशीराम विक्रोळीला कारखान्यात बदलीवर लागतो. लग्नाआधी तो गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा, पण तिथे बायकांना मज्जाव. पोरीला तिसरा महिना आहे आणि माहेरी कोणी उरलेलं नाही. ओट्यावर भीती नाही का वाटत म्हणून विचारलं, तर म्हणाली, भीती कसली, रात्रभर उंदरांची सोबत असते.

तेव्हा जवळातला जवळचा मुहूर्त कळव. वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो या वेळी पंचांगातही दिसू दे.

तुझी
मृणालिनी

वाई, २६ जून १९५५

चि. सौ. मृणालिनीस,
अ. उ. आ.

गोड पत्र पोचलं. आषाढ लागला. पुढे चातुर्मास, त्यात यंदा भाद्रपद अधिक, म्हणजे खरोखरच दुष्काळात तेरावा महिना. मार्गशीर्षापर्यंत मुहूर्त नाही.

शांत न झालेल्या वास्तूत जो पहिला निजेल त्याला दोष लागतो. ओट्यावर निजणाऱ्याला आधीच कमी दोष आहेत का? तोवर कुलूप लावा आणि राखण ठेवा. चोरांना मुहूर्त लागत नाही.

मधुकररावांना आशीर्वाद. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा
दादा

मुलुंड, ११ सप्टेंबर १९५५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मंडळाने शिरसावंद्य मानला आणि आमची वाट लागली.

कुलूप लावलं त्याच आठवड्यात दोन पत्रे गेले. मग सभासदांनीच आळीपाळीने आत बसून राखण करायची ठरली. आता राखणदाराचा डोळा लागला तर दोष कुणाला? त्यावर मोठी सभा झाली, अनंतरावांनी टेबलावर मूठ आपटली, आणि ठराव झाला की राखणीत लागलेली झोप ही झोप धरू नये. पहिल्या रात्री ह्यांनी सतरंजी नेली, मग उशी, मग कॉट. आता पाळी कुणाचीही असो, सगळेच्या सगळे सभासद रोज तिथे 'जागतात'. स्टोव्हवर चहा होतो, पत्ते होतात आणि मग जे घोरणं सुरू होतं ते गिरणीपर्यंत ऐकू येतं. अनंतराव म्हणतात, लग्न झाल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती.

घरात एकटीला भीती वाटते म्हणून मी काशीराम आणि जानकीला सोबतीला बोलावलं. माझं बघून बाकीच्या सभासदांच्या बायकांनीही ओट्या-ओट्यावरून सोबत गोळा केली. सध्या निराधार आमच्या घरांत आणि आमचे नवरे निवाऱ्यात, असा कारभार आहे.

परवा घाटकोपरचे कोणी दानशूर शेट भल्या सकाळी निवारा बघायला आले. हे फाटक्या बनियनमध्ये दात घासत होते. शेटनी पाठीवरून हात फिरवला, एक घोंगडी दिली आणि दारू सोड म्हणून सांगितलं. दात्याचं मन कसं मोडायचं, म्हणून ह्यांनी दारू सोडल्याची शपथ घेतली. हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही रे!

जानकीला चिंचेचे डोहाळे लागले आहेत. वहिनीला म्हणावं, आपल्या परसातली पाठव.

तुझ्या लोभाला आणि चिंचेला टपलेली
मृणालिनी

वाई, १८ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. मृणालिनीस,
अ. उ. आ.

राखणीतली झोप ही झोप नव्हे, हे मला कुठल्याच ग्रंथात सापडलं नाही. असो. २३ डिसेंबरला सकाळी उत्तम मुहूर्त आहे. यजमान म्हणून तू आणि मधुकरराव बसा. त्या रात्री वास्तू रिकामी ठेवू नये. ज्यांच्यासाठी बांधली त्यांनीच तिथे निजावं. अनंतरावांनाही तसं कळवलं आहे.

नवरा घरी येईल, आनंद कर. चिंच पाठवली आहे.

तुझा
दादा

मुलुंड, १० डिसेंबर १९५५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आनंद कसला करू? काल निवाऱ्याचे नियम भिंतीवर लागले. रात्री आत, उजाडताच बाहेर, दिवसभर कुलूप. जानकीचे दिवस भरत आले आहेत. ओल्या बाळंतिणीने थंडीत तान्ह्याला घेऊन सकाळी जायचं कुठे? परत गिरणीच्या ओट्यावर? अनंतरावांना विचारलं, तर म्हणतात, पाहुणे येणार, निवाऱ्यात निराधार दिसले पाहिजेत. ह्यांचा चेहरा पडला, पण बोलले एवढंच, की मुहूर्त शास्त्रीबुवांचा आहे.

दादा, लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या घरात पाळणा हलला नाही. तू कधी त्याबद्दल बोलला नाहीस, तेवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे. आता घरात डिंकाचे लाडू वळते आहे आणि ते खाणारं कोणी आहे. मला हे घर पुन्हा रिकामं करवत नाही. मुहूर्त पुढे ढकल. माझ्यासाठी एकदा खोटं बोल.

लोभ ठेवावा असं लिहीत नाही. तो किती आहे ते कळेलच.

मृणालिनी

वाई, २२ डिसेंबर १९५५

चि. सौ. मृणालिनीस,
अ. उ. आ.

तुझी तार काल मिळाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे वाचून तुझ्या वहिनीने देवापुढे साखर ठेवली.

मी खोटं बोलणार नाही. जन्मभर पंचांग पाहिलं, ते रबरासारखं ताणत नाही. पण शास्त्र असं आहे, की लेक माहेरी बाळंत झाली तर आईबापांना तीन दिवस सोयर. तुझ्या घरात, तुझ्या हातचे लाडू खाऊन जी बाळंत झाली ती तुझी लेक नव्हे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा उद्या मधुकररावांना पूजेला बसता येणार नाही. अनंतरावांना तशी तार केली आहे. ते दुसरा यजमान बसवू म्हणतील. म्हणून त्याच तारेत घातलं, की एका छपराखाली जागणारे आणि एका स्टोव्हवरचा चहा पिणारे सगळे एका घरचेच. सोयर सगळ्यांना आहे. शास्त्राच्या या भागाबद्दल मला जास्त विचारू नये.

पुढे पौष लागतो. नंतरचं नंतर पाहू.

आणखी एक. माहेराहून लेकीची पाठवणी घरात होते. ओट्यावर होत नाही आणि उजाडताच बाहेर काढणाऱ्या निवाऱ्यात तर नाहीच. काशीरामला स्वतःची खोली मिळेपर्यंत तिच्या पाठवणीला मुहूर्त नाही. सगळं पंचांग पालथं घातलं.

बाळंतविडा टपालाने पाठवत आहे. बारशाला मी येतोच. घरात जागा नसेल, तेव्हा माझी कॉट मधुकररावांशेजारी टाकून ठेव. मलाही बऱ्याच दिवसांत जागरण घडलेलं नाही.

तुझा दादा,
म्हणजे जानकीचा मार्तंडमामा