गाळलेलं हसू

३ मार्च
आज तिने माझं वाक्य सगळ्यांसमोर परत पाठवलं. दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटसाठी दाराचा फोटो होता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोमागे एकदोन ओळी लिहायच्या, त्यांचा कॉम्प्युटर त्या वाचून दाखवतो — हेच माझं काम. मी लिहिलं होतं, 'दवाखान्याचं सुंदर प्रवेशद्वार.'

"सुंदर राहू दे. पायऱ्या आहेत का? कठडा कुठल्या हाताला?"

तिला जन्मापासून दिसत नाही. आमची पानं ती ऐकून तपासते. ऑफिसात तिला 'कान' म्हणतात, मला 'भडकू'. खुर्ची ढकलून जिन्यात गेलो, शिव्या घातल्या — कुणाला कोण जाणे. परत येऊन लिहिलं, 'तीन पायऱ्या, उजवीकडे कठडा.'

"हं. आता पोचले मी दारात."

एवढ्यावर अख्खा दिवस हवेत.

५ मार्च
दादा जेवताना: "कॉलेज अर्धवट सोडलंस, ही नोकरी तरी धड कर." ताटावरून उठलो. मी हल्ली कुणासाठी लिहितो, हे त्याला काय सांगू.

९ मार्च
चहाच्या वेळी तिने मोबाइल पुढे केला. मावशीने सुचवलेल्या मुलाचा फोटो.

"घरात सगळे म्हणतात, छान आहे. छान म्हणजे काय ते कोणी धड सांगेना. तू लिहून दे. भेटायचं की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"पाठव," म्हणालो.

लेकाचा दिसायला वाईट असता तर किती बरं झालं असतं! पुलाच्या कठड्याला टेकलाय, तोंडभर हसतोय. असा की बघणाऱ्यालाही हसू यावं. मला नाही आलं.

लिहिलं: 'तिशीतला पुरुष. पुलाच्या कठड्याला टेकून उभा. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. केस विरळ.'

एक शब्द खोटा नाही.

१० मार्च
"कोरडा वाटतो रे माणूस. नकोच म्हणून कळवते."

मी नुसती मान हलवली. मग लक्षात आलं — तिला मान कशी दिसणार. "बरं," म्हणालो.

११ मार्च
हसू मुद्दाम गाळलं, हे तिला सांगायचं आज तीनदा ठरवलं. सांगितलं तर ती गेली. नाही सांगितलं तर तरी कुठे माझी झाली?

१२ मार्च
माझ्याआधी तिची वहिनी बोलली.

ती माझ्या टेबलापाशी आली. आवाज हळू. "वहिनी म्हणते, किती मोकळं हसतोय तो, नको काय म्हणतेस. तुझ्या ओळींत हसणं कुठंय?"

"राहिलं."

"तुझं राहत नाही. डॉक्टरच्या टेबलावरचं पेनसुद्धा सोडत नाहीस तू."

भडकलो. "मग वहिनीलाच विचारायचं होतंस! मला काय वाटतं, याचं कुणाला पडलंय का?"

साहेब काचेआडून बघताहेत. ती आणखी हळू आवाजात म्हणाली,

"तुला काय वाटतं ते कळत होतं मला. तरी तुझ्याकडेच आले होते."

संध्याकाळी साहेबांनी सांगितलं — यापुढे माझी पानं ती तपासणार नाही.

१४ मार्च
ती त्याला भेटायला गेलीय. समोरची खुर्ची रिकामी.

१७ मार्च
आज आपणहून आली. आवडलाय तो. त्यालाही दिसत नाही — आधी सांगितलं तर ही नाही म्हणेल, म्हणून मावशीने लपवलं होतं. त्याला हिचा फोटो हवाय, शब्दांत.

"घरचे 'छान' लिहून मोकळे होतील. तू लिही. या वेळी सगळं लिही."

लिहिलं. मला ती जशी दिसते, तशीच आता त्याला दिसेल.

पाठवलं.