नारायणगुड्याला पडले ते

काचीगुडा, रविवार संध्याकाळ, २०१४

आज नारायणगुड्याच्या सिग्नलला सायकलसकट पडले. बुटाच्या तळाची क्लीट पेडलमध्ये अडकते, टाच बाहेर फिरवली की सुटते. आज क्लीटच जागच्या जागी फिरली आणि पाय अडकून राहिला. तिचे बोल्ट सैल झाले होते. आंध्र वेगळं होतंय, त्या राज्याच्या वाटणीत आमचं सरकारी ऑफिस नुसतं उलटंपालटं झालंय, त्यात बोल्ट बघायचे राहिले. चूक एवढीच. पण उचलताना ऑटोवाला म्हणाला, "क्या अम्मा, इस उमर में?" तेच डोक्यातून जात नाही.

घरी यांनी माझं कोपर धुतलं. म्हणाले, "ते बूट देऊन टाक कुणाला तरी. उद्या तुझी बदली आंध्रात झाली तर काय करशील?"

"तिकडे रस्ते नाहीत का?"

मी क्लीट काढली, बोल्टांच्या आट्यांतली माती पुसली, ग्रीस लावलं, क्लीट परत बसवली आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे करत घट्ट आवळले. हाताने ओढून पाहिली, जराही हलली नाही. या वयात म्हणे. बोल्ट विशीतल्या पोरांचेही सैल होतात.

"निदान कोपर बरं होऊ दे," हे म्हणाले.

कोपराने पेडल मारत नाहीत, म्हटलं. पहाटे सायकलने त्याच सिग्नलवरून हिमायतनगरला निघतेय.